नौशीनचे कांदे
नौशीन सांगलीच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होती. पेशी दुभंगताना दोन्हीकडे सारखी गुणसूत्रं जातात; ती ओढणारे धागे गुणसूत्राच्या कंबरेला अडकतात. त्या कंबरेवरच एक आरएनए तयार होतो. त्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही, म्हणून बरीच वर्षं तो बिनकामाचा मानला गेला. नौशीनला वाटायचं, धागे नीट अडकायला तोच मदत करतो.

ती कांद्याच्या कोवळ्या मुळांत त्या आरएनएला निकामी करणारं द्रव्य सोडायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मध्येच रेंगाळलेली दिसायची. पण घोळ असा, की द्रव्य न दिलेल्या मुळांतही ती तशीच रेंगाळायची. दीड महिना असाच गेला. "तुलना करायला एक तरी धड मूळ हवं," गाईड संयोगिता मॅडम म्हणाल्या.

आषाढात तिचे अब्बा आले. पीरमहंमद रहिमतपूरचे कांद्याचे व्यापारी. तिच्या अम्मीनं, अख्तरबीनं दिलेला डबा टेबलावर ठेवताना त्यांची नजर मुळं फुटायला पाण्याच्या ग्लासांवर ठेवलेल्या कांद्यांवर गेली.

"ह्यो कांदा कुठनं आणलास?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातनं. का, अब्बा?"

त्यांनी एक उचलून अंगठ्यानं दाबला. "आषाढ लागला तरी मोड न्हाई. मोड येऊ नये म्हणून पीक काढायच्या आधीच फवारा मारल्याला दिसतोय. ह्यो टिकवायचा कांदा, पोरी. उगवायचा न्हाई."

नौशीननं घाईघाईनं संदर्भ काढले. तसल्या एका औषधानं पेशींचं विभाजनच बिघडतं, असं त्यात सरळ लिहिलं होतं. ती कपाळाला हात लावून हसत सुटली.

"आपल्या गावच्या अर्जुनाच्या रानातला धाडतो," अब्बा म्हणाले. "त्यो फवारत न्हाई."

तिसऱ्या दिवशी एसटीनं पोतं आलं. पांढरीशुभ्र मुळं भराभर फुटली. यावेळी साध्या मुळांत गुणसूत्रं सरळ दोन बाजूंना गेली. द्रव्य दिलेल्या मुळांत मात्र बरीच मध्येच अडकली.

"आणखी दोनदा कर, मग मानीन," मॅडम म्हणाल्या, पण त्यांना हसू आवरत नव्हतं.

दोन्ही वेळा तेच आलं. नौशीननं अब्बांना बोलावून सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"मधी एकटाच कोन राहिलाय गं?"

"गुणसूत्र. ओढणारा धागाच नीट अडकला न्हाई त्याला."

"तू सांगत हुतीस त्यो बिनकामाचा आरएनए बंद पाडला म्हणून?"

"तसं दिसतंय खरं."

"लय भारी!" अब्बा म्हणाले. "आता नीट वाटणी झाल्याली दाव."

ती त्यांनी इतका वेळ पाहिली, की मागं विद्यार्थ्यांची रांग लागली.