शेवटच्या रॅकवरचा फुगीर आरसा

मित्रांनो, आरसा म्हटले की तुमचा हात लगेच केसांकडे जाईल. माझ्यासमोर तसे करू नका, फसाल. मी एक जुना, फुगीर आरसा आहे. माझ्या जवळ आलात तर नाक वांग्याएवढे दिसेल आणि कान शेंगदाण्याएवढे. माणसाचे रूप बघण्यासाठी मला केलेच नव्हते. मला केले चोर बघण्यासाठी, आणि ते बघून बघून मी आता पार थकलो आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मी काचेचा नाही, प्लास्टिकच्या जातीचा. एक सपाट गोल तुकडा भट्टीत तापवला, खालून हवा सोडली आणि रुसलेल्या माणसाच्या गालासारखा मी फुगलो. मग माझ्या पाठीला चकचकीत लेप दिला. "ह्याच्या नजरेतून काही सुटणार नाही," असे कारागीर मला पुसता पुसता म्हणाला. ते ऐकून मला कोण आनंद झाला! पुढे काय काय बघावे लागणार, हे तेव्हा कुठे ठाऊक होते?

एका किराणा दुकानाच्या मालकीणबाईंनी मला विकत घेतले. दुकान लांबट आणि अरुंद होते. गल्ला दाराशी होता आणि साबण, तेल, पावडरीचा शेवटचा रॅक थेट मागे कोपऱ्यात. तिथे माल रोज थोडा थोडा गायब व्हायचा. मालकीणबाई स्वतः शिडीवर चढल्या आणि त्यांनी त्या कोपऱ्यात, छताला लागून, मला टांगले. पहिल्या महिन्यात एक साबणाची वडीसुद्धा हलली नाही. "आमचा आरसा म्हणजे दहा माणसांचं काम करतो," असे त्या येईल त्याला सांगायच्या. त्या काळात मला दर आठवड्याला अंघोळ मिळायची.

मग लोकांना माझी सवय झाली. माझ्यात बघून आधी केस सारखे करायचे आणि मग पिशवीत पिना टाकायच्या, अशीही एक बाई होती. मी सगळे बघायचो. पण मित्रांनो, आरशाला तोंड नसते. मला जास्त शीण व्हायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. चोरी होत असताना आणखी कोणीतरी गिऱ्हाईक माझ्यात बघायचे, त्याला सगळे दिसायचे, आणि ते गुपचूप बिस्किटांच्या रॅककडे सरकायचे. ज्यांना तोंड होते तेही माझ्यासारखेच भिंतीला टांगल्यासारखे वागायचे.

त्यांचाही दोष नव्हता म्हणा. मालकीणबाईंची एक रीत होती. जो सापडेल त्याचे नाव त्या एका पुठ्ठ्यावर ठळक लिहायच्या. वर लिहिलेले असायचे, 'यांना दुकानात घेऊ नये'. तो पुठ्ठा दारातच लटकायचा. दूध घ्यायला आलेला माणूस आधी पुठ्ठा वाचायचा, मग दूध मागायचा. एका धुणेवाल्या बाईचे नाव त्यावर चढले, तेव्हापासून ती समोरच्या फुटपाथने मान खाली घालून जायची. तिने घेतले काय होते? एक कंगवा.

आमच्या दुकानात घड्याळवाले आजोबा यायचे. त्यांनी चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केली होती. अंगात कायम तपकिरी कोट, बोलणे मोजके. त्यांच्या बोटांसारखी हलकी बोटे मी दुसरी पाहिली नाहीत. त्या दिवशी सकाळी ते शेवटच्या रॅकशी उभे होते. त्यांनी पावडरीचा लहान डबा उचलला, उलटसुलट करून पाहिला, आणि डबा रॅकऐवजी कोटाच्या खिशात गेला. मी इतक्या चोऱ्या पाहिल्या, पण ती पाहून मला वाईट वाटले. चोरी झाल्यावर माणसे सटकतात. हे जागचे हलेचनात, खिशावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

त्याच वेळी हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून आलेल्या एक सिस्टर अंडी घेऊन तिथे पोचल्या. त्यांचे डोळे झोपेने मिटत होते, तरी त्यांनी सहज वर बघितले आणि माझ्यात त्यांना सगळे दिसले. क्षणभर वाटले, ह्याही बिस्किटांकडे सरकणार. पण त्या सरकल्या नाहीत. आजोबांच्या जवळ गेल्या, जरा वाकल्या आणि कानाशी लागून म्हणाल्या,

"आजोबा, खिशातलं बाहेर काढा बघू!"

इथेच घोटाळा झाला. सिस्टरची नेमणूक होती म्हाताऱ्यांच्या वॉर्डात. तिथे निम्म्यांना ऐकू येत नाही. बारा वर्षे मोठ्याने बोलून त्यांची कुजबुजसुद्धा दुकानभर जाईल अशी झाली होती, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. गल्ल्यापाशी रांग होती, ती सगळी मागे वळली. मालकीणबाई हातातला पेन घेऊनच आल्या. आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. आयुष्यभर लोकांनी आपापली घड्याळे ज्याच्या भरवशावर सोडली, त्या माणसाचे नाव आता पुठ्ठ्यावर चढणार, हे मला स्वच्छ दिसत होते.

"काय भानगड आहे?" मालकीणबाईंनी विचारले.

सिस्टरनी एकदा पेनाकडे बघितले, एकदा आजोबांकडे. "भानगड कसली? माझे हात अंड्यांनी भरलेत, म्हणून मीच यांच्या खिशात डबा ठेवायला दिला. आता पैसे द्यायचेत तर काढायला नको का?"

मालकीणबाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, त्या दिवशी मला माझे उणेपण पहिल्यांदा कळले. मला मागचे काही दाखवता येत नाही. जे आत्ता समोर असेल तेवढेच दिसते. समोर होते एक आजोबा, एक दमलेल्या सिस्टर आणि आजोबांनी खिशातून बाहेर काढलेला डबा. मी तेवढेच दाखवले. मालकीणबाई पुटपुटत गल्ल्याकडे परत गेल्या.

आजोबांनी आभार मानले नाहीत. उलट रागावले.

"तुम्ही खोटं कशाला बोललात?"

"कारण खरं फार मोठ्यांदा बोललं गेलं," सिस्टर म्हणाल्या, आणि ह्या वेळी खरोखरच हळू बोलल्या. "चुकलंच माझं. पावडर कुणासाठी?"

"बायकोसाठी. अंथरुणाला खिळून आहे. पाठीला जखमा झाल्यात."

"मग पावडर अजिबात लावू नका. घामात तिचा चिखल होतो, जखम आणखी चिघळते. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे खरं औषध."

आजोबांनी त्या डब्याकडे बघितले. ज्या डब्यापायी जन्माची अब्रू जायला निघाली होती, तो डबा नकोच होता. त्यांनी एवढेच विचारले, "दोन तास म्हणजे बरोबर दोन तास?"

"पाच मिनिटं इकडं तिकडं चालतील."

"चालणार नाहीत," घड्याळवाले आजोबा म्हणाले आणि निघून गेले. ते त्या दुकानात पुन्हा कधी आले नाहीत. नको असलेला डबा सिस्टरना मात्र विकत घ्यावा लागला.

वर्षभराने दुकानात कॅमेरे आले. त्यांना मागचेही दाखवता येते म्हणे. मला खाली उतरवून रिकाम्या खोक्यांच्या मागे टाकले. माझ्या कडेला तडा गेला. अंगावर धुळीचा थर बसला आणि एका कोळ्याने संसार मांडला. खरे सांगू? मला बरेच वाटले. बघणे थांबले होते.

पण एक दिवस सिस्टरनी मालकीणबाईंना विचारले, "तो जुना आरसा फेकणार असाल तर मी नेऊ?"

"कशाला? तुमच्या घरी काय चोर फार झालेत?" असे म्हणत मालकीणबाईंनी मला त्यांच्या हातात दिले.

सिस्टरनी मला स्वतःच्या घरी नेलेच नाही. पावडरीच्या डब्याच्या त्या सकाळनंतर त्यांनी आजोबांचा पत्ता शोधून काढला होता, आणि तेव्हापासून आठवड्यातून दोनदा त्यांच्या घरी आजींच्या जखमा बघायला जात होत्या. आजींच्या बाबतीत एक अडचण होती. पलंग भिंतीला लागून होता. भिंतीच्या बाजूला वळवले की आजी हट्टाने परत फिरायच्या. "तिकडं नुसती भिंत बघत पडायचं का मी?" असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे एकीकडची जखम भरेना. सिस्टरना वाटले, त्या भिंतीवर फुगीर आरसा लावला तर पडल्या पडल्या सगळी खोली दिसेल.

मला दारातून आत येताना पाहून आजोबांच्या हातातला पेचकस खाली पडला. ते मला ओळखत होते. सिस्टरच्या हे ध्यानीमनीही नव्हते. आपण काय घेऊन आलो, हे त्या बिचारीला कळलेच नाही. आजोबांनी तरीही मला स्वतःच्या हाताने खिळा ठोकून लावले. आजींसाठी लावले. ओल्या फडक्याने पुसले, पण पुसताना माझ्यात पाहिले नाही.

आजी खूष झाल्या. खिडकी, दार, चुलीवरचे भांडे, सगळे त्यांना दिसू लागले. दर दोन तासांनी गजर व्हायचा आणि आजोबा त्यांना अलगद वळवायचे, मिनिटाचाही फरक नाही. मग जाऊन कपाटाच्या आड खुर्चीत बसायचे. साऱ्या खोलीत तेवढीच जागा माझ्या नजरेबाहेर होती, आणि त्यांनी ती पहिल्याच दिवशी बरोबर हेरली होती.

चारसहा दिवसांनी आजी म्हणाल्या, "ह्यात सगळं दिसतं, तुम्ही तेवढे दिसत नाही. कुठं बसता?"

कपाटाच्या आडून आजोबांचा आवाज आला.

"हा आरसा त्या दुकानातला आहे. तिथं मी एकदा पावडरीचा डबा खिशात घातला होता. पैसे न देता. तुझी औषधं घेऊन झाली होती आणि... ते जाऊ दे. घातला होता."

"मग?"

"एका बाईंनी ह्यात पाहिलं."

आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांचे डोळे अगदी माझ्यासमोर होते. ते भरून आलेले मला दिसले.

"बरं झालं कोणीतरी पाहिलं," त्या म्हणाल्या. "मला इथून काहीच दिसत नव्हतं हो. तुमचे किती हाल चाललेत तेसुद्धा." मग म्हणाल्या, "आता खुर्ची इकडं घ्या."

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला आणि तपकिरी कोट माझ्यात आला. बऱ्याच वेळाने आजोबांनी मान वर करून माझ्याकडे बघितले. इतकी वर्षे लोकांनी माझ्यात चोर शोधले. आजी माझ्यात नवऱ्याला शोधत होत्या, आणि तो त्यांना सापडला.

मित्रांनो, मी दमलो आहे, तेव्हा फार बोलत नाही. कोणाचे काही चुकताना दिसले तर बिस्किटांकडे सरकू नका. जवळ जा, बोला. फक्त आवाज तेवढा सांभाळा. आणि घरात माझ्यासारखा कोणी म्हातारा आरसा असेल तर त्याला कोरड्या फडक्याने घासू नका, चरे पडतात. मऊ, ओलसर फडके घ्या. एवढे केलेत तरी पुष्कळ.

गजर होत आला. आजी आता माझ्या बाजूला वळतील.