मर्लचा दात

यानाच्या शेपटीकडच्या कप्प्यात शिरायचं तर आधी मर्ल हचिन्सच्या तपासणीतून जावं लागे, आणि त्यापेक्षा अंतराळात जाऊन येणं सोपं, असं केपच्या उड्डाणतळावर सगळेच म्हणत. खिसे रिकामे करा, घड्याळ काढा, चष्म्याला दोरी बांधा, अंगठी निघत नसेल तर तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळा. यान पाहायला आलेल्या पाद्रीबाबांच्या गळ्यातला क्रूससुद्धा त्यानं दारात उतरवून घेतला होता. इंजिनांच्या नळ्यांत साधा स्क्रू राहिला तरी वर गेलेली माणसं परत येतील याचा भरवसा नाही, हे त्याचं म्हणणं. म्हणणं खरंच होतं, सांगायची पद्धत तेवढी खाष्ट सासूची.

त्या कप्प्यात काम करणाऱ्या डार्लीन पूवीला ही पद्धत चांगली ठाऊक होती. गेल्या उड्डाणाआधी तिचे डूल दारात काढायचे राहिले, त्यातला एक आत हरवला, आणि बिचारीनं तो स्वतःहून सांगितला. सगळी शिफ्ट गुडघ्यांवर रांगली, पण डूल काही मिळेना. शेवटी मर्लनं चारचौघांत निकाल दिला. "माझ्या यानात नाही. तुझ्या गाडीत सीटखाली बघ. आणि पुढच्या वेळी डोकं घरी विसरून येऊ नकोस." यान उडालं, परत आलं, आणि आता पुन्हा जायला तयार होत होतं. उरलेला डूल डार्लीननं किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवला होता. रोज दारात जुडगा काढून देताना तो मर्लच्या नाकासमोर हलवायला ती चुकत नसे.

तयारीचा शेवटचा दिवस होता; दुसऱ्या दिवशी सकाळी यान शेडबाहेर काढायचं होतं. डार्लीन आत अंग चोरून शेवटचं झाकण बसवत होती आणि मर्ल दारातून डोकं आत घालून नेहमीचं कीर्तन लावून बसला होता.

"परत बघ. सगळं परत बघ. हलगर्जी माणसाला मी..."

हलगर्जी माणसाला काय, ते जगाला कळलंच नाही. त्याचा पुढचा खोटा दात सुटला, टिक टिक करत नळ्यांमधून खाली गेला आणि कुठेतरी गप्प झाला.

डार्लीननं मान वळवली. "मिस्टर मर्ल, काय पडलं?"

तोंडावर हात धरून त्यानं नुसती मान हलवली.

"हात काढा बघू."

त्यानं हात काढला. डार्लीननं ती खिंड नीट पाहून घेतली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ऐकलंय फक्त मी, आणि मी कुठे बोलायला जातेय? इतकी वर्षं तुम्ही याला सजवून वर धाडताय. तुम्ही नाही तर निदान तुमचा दात तरी जाऊन येईल."

ती थट्टा करतेय की परीक्षा बघतेय, हे मर्लला कळेना. खोटं कशाला सांगा, क्षणभर त्याला मोह झालाच. बोलावं तर यानाचं उड्डाण अडकणार आणि टायटसव्हिलपासून कोकोपर्यंत गावोगावच्या प्रत्येक गुत्त्यात लोक त्याचा दात चघळणार. न बोलावं तर? कालच यानातून जाणाऱ्या बाईंनी त्याचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "मर्ल, तुम्ही पाहिलंय ना, मग मला झोप लागेल."

तो मागे वळला आणि ओरडला. आधी नुसती शिट्टी निघाली, मग शब्द आले. "काम थांबवा."

"काय हरवलं?" खालून कोणीतरी विचारलं.

मर्लनं तोंड उघडून बोट दाखवलं. सगळी शेड हसली. वर क्रेनवर बसलेला माणूस तर इतका हसला की त्याला धरायला दुसरा चढवावा लागला.

नळ्यांमधून मर्लचं पोट जाईना, म्हणून डार्लीनच पुन्हा आत घुसली. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "मिळाला." टाळ्या पडल्या. मग पुन्हा तिचाच आवाज.

"मिस्टर मर्ल, आणखी एक मिळालंय."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका तळहातावर दात होता आणि दुसऱ्यावर डूल. नळ्यांभोवतीच्या अस्तराच्या घडीत अडकून बसला होता.

"सीटखालीच होता म्हणा," ती म्हणाली. "सीट तेवढी पृथ्वीला फेऱ्या मारून आली."

या वेळी कोणी हसलं नाही. अख्खं उड्डाणभर हा डूल इंजिनांच्या शेजारी होता, आणि नाही म्हणून छातीठोकपणे सांगणारा तोच होता.

"चुकलो, डार्लीन," तो म्हणाला. तेही शिट्टीसकटच. मग तो वर ऑफिसात गेला आणि दाताबरोबर डुलाचंही सांगून आला. यान अडकलं, बसवलेली झाकणं सगळी पुन्हा उघडली.

दुसऱ्या दिवशी डार्लीन दोन्ही कानांत डूल घालून दारात आली. दात जागेवर बसवून आलेल्या मर्लनं सवयीनं हात पुढे केला. तिनं डूल काढून त्याच्या हातावर ठेवले, आणि मग आपला हात पुढे केला.

"दात," ती म्हणाली.

मागे सगळी रांग बघत होती. मर्लनं दात काढला, तिच्या हातावर ठेवला आणि शिट्टी वाजू नये म्हणून तोंड मिटून कामाला लागला.