न सुटणारा गळ

तोमान मासा तोंडात रुतलेला गळ का झटकून टाकतो, आणि त्याला तो झटकू द्यायचा नसेल तर कुठलं सामान घ्यावं, हे शोधायचं काम सुबोधरावांनी माझ्यावर सोपवलं. सुबोधराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, सुलेखाचे यजमान. मी जन्मात मासा पकडलेला नाही. खातो तोही घाबरत, काटा लागेल म्हणून.

"तुम्ही नुसतं वाचा हो, पंडित," ते म्हणाले. सतत वाचत असतो म्हणून ते मला पंडितच म्हणतात. "पकडायचं मी बघतो."

तोमान हा आपल्या मरळीचाच दांडगा भाऊबंद. सुबोधराव मूळचे भंडाऱ्याचे, लहानपणी तिथल्या तलावांवर मरळी धरलेले. इथे परदेशात बँकेत तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, तरी ते खूळ काही गेलं नाही. त्यांचं घर आंग मो किओत आणि मी मुलाकडे बिशानला. मधल्या जलाशयावर लाकडी फळ्यांची वाट आहे. तिथे एका वळणावर मासेमारीला परवानगी आहे. त्या वळणावरचा एकच मोठा तोमान त्यांच्या गळातून दोनदा सुटला होता. दुसऱ्या वेळी तर अगदी काठाशी येऊन, त्यांच्याकडे बघून.

"बघून?" मी विचारलं.

"बघून. ओळखतो मला तो."

त्यानंतर आठवड्याभरात त्यांना चक्कर आली आणि छातीत डाव्या बाजूला पेसमेकर बसवावा लागला. डॉक्टरांनी बजावलं होतं की सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, हिसका बसू द्यायचा नाही. यंत्रातून हृदयात गेलेली बारीक तार अजून तिथे धरलेली नसते, ती निसटू शकते. सुबोधराव रॉड डाव्या हातात धरतात आणि रीळ उजव्यानं फिरवतात.

"डाव्या हातानं फिरवायचं रीळही मिळतं," मी सुचवून पाहिलं. "म्हणजे रॉडचा भार उजव्या हातावर येईल."

"जेवू पण डाव्या हातानं?"

मग मी मासेमारीचं एक पुस्तक आणून वाचत बसलो. तोमानच्या तोंडात मांस कमी आणि हाड जास्त. गळ त्यात रुतवायचा तर रॉड ताठ हवा आणि दोरी विणलेली, जराही न ताणणारी. दातांसाठी पुढे वीतभर तार. आणि जिग, म्हणजे शिशाचं डोकं आणि रबराची झालर असलेला गळ, जाड पोलादाची हवी, कारण पातळ गळ तो सरळ करून टाकतो. मी यादी केली, तीनदा तपासली. कधी नव्हे तो माझा कुणाला उपयोग होणार होता. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता.

गुरुवारी दुपारी सुलेखा आली. चहाला नको म्हणाली, तेव्हाच मला धास्ती वाटली.

"दादा, शनिवारी जाणार म्हणतायत. तू सामान आणून देणार आहेस म्हणे."

"तू थांबव ना त्यांना."

"मी? छत्तीस वर्षांत एकदा तरी थांबलेत? मी म्हटलं, दोन आठवडे झालेत फक्त. तर म्हणाले, सध्या पिल्लं राखत काठाशी आहे, ती मोठी झाली की तो खोल जाईल, मग कधी?" तिनं माझ्या टेबलावरची यादी उचलली. "यात असा एखादा गळ नाही का, की लागला तरी सुटेल? त्यांना कळणार नाही असा?"

"सुलू, ही फसवणूक आहे."

"मग तू तोंडावर सांग, जाऊ नका म्हणून. सांगशील?"

तिला माझं उत्तर माहीत होतं.

दुकानात मी यादीतली दोरी आणि तार घेतली, आणि दोन जिग, एक जाड आणि एक पातळ. दोन्ही काळ्या, दोन्हींची झालर सारखीच. शुक्रवारी संध्याकाळी मी पातळ जिग त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उजेडात धरून फिरवली.

"नाजूक दिसते."

"तशीच असते," मी म्हणालो.

घरी आल्यावर पुन्हा पुस्तक उघडलं. शेवटच्या पानांवर सावधगिरीच्या सूचना होत्या, त्या मी वगळल्या होत्या. ताठ रॉड आणि न ताणणारी दोरी असताना ऐन ओढीत गळ उघडला, तर शिसं सरळ मागे येतं, धरणाऱ्याच्या तोंडावर. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. फोन हातात घेतला. काय सांगणार होतो? जाड गळ दिला तर छातीला धोका, पातळ दिला तर डोळ्यांना. सकाळी बघू म्हणून फोन ठेवला.

शनिवारी सात वाजता आम्ही त्या वळणावर होतो. वारा नव्हता. पाणी तेलासारखं पडलेलं. काठापासून पंधरा-वीस हातांवर मात्र एका जागी ते उकळल्यासारखं बुडबुडत होतं, लालसर दिसत होतं. शेकडो पिल्लं श्वासाला वर येत होती.

"आणि खाली तो," सुबोधराव पुटपुटले. "पिल्लांच्या खाली असतो. भूक नसली तरी येतो. नुसत्या रागानं येतो."

"सुबोधराव, गॉगल लावा."

"ऊन कुठाय?"

"लावा हो."

"पंडित, तुम्ही माझी आई झालात काय?" त्यांनी जिग टाकली.

ती लालसर पाण्याच्या मधोमध पडली. पिल्लं एकदम नाहीशी झाली. मग रॉड वाकला. ओढ इतकी होती की त्यांची चप्पल फळीवर घसरली. डावा हात हळूहळू वर जाऊ लागला, छातीपासून खांद्यापर्यंत, खांद्याच्याही वर. सुबोधराव हसत होते.

"राहिला! या वेळी राहिला!"

"सोडा! दोरी सैल करा!"

पुढचं मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. कानाजवळून काहीतरी सूं करत गेलं आणि मागच्या लाकडी खांबावर ठक्क झालं.

शिसं लाकडात रुतलं होतं, सुबोधरावांच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यांनी ते उपटून काढलं. गळ दाभणासारखा सरळ झाला होता. त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

"पुस्तकात हाच सांगितला होता?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"सुलेखा?"

"नाही. मीच." एवढं खोटं मला बोलता आलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे दोरी गुंडाळली, डावा खांदा एकदा चोळला. "दादा," ते म्हणाले. या माणसानं मला कधीच दादा म्हटलं नव्हतं. "माझ्या जिवाचं काय करायचं ते मला विचारायचं ना." आणि बस स्टॉपकडे निघून गेले. पंडित म्हणाले असते तर मी मागोमाग गेलो असतो.

आठवडाभर फोन नाही. मी तीनदा नंबर काढला आणि तीनदा ठेवून दिला. पुढच्या शनिवारी आठच्या सुमारास सुलेखाचा फोन आला.

"दादा, ते तुझ्याबरोबर आहेत ना? तुझ्याकडे जातो म्हणाले. फोन उचलत नाहीयेत."

"बघतो," म्हणून मी फोन ठेवला. टॅक्सी मिळाली. फळ्यांच्या वाटेवर मी धावलो. या वयात धावलो.

ते वळणावर फळ्यांवर बसलेले होते, पाठ कठड्याला टेकलेली. चेहरा राखेच्या रंगाचा. रॉड मांड्यांमध्ये रोवलेला, डावी मूठ त्यावर आवळलेली, दोरी ताठ होऊन पाण्यात गेलेली. ती थरथरत होती. पाण्याखाली काहीतरी जड एकदा डावीकडे जाई, एकदा उजवीकडे.

"जाड गळ," ते म्हणाले. शब्दांमध्ये दम लागत होता. "दुकानदारानं दिला, तुमच्या यादीतलाच. बरोबर होती यादी. सुटत नाहीये."

"सोडून द्या रॉड."

"मूठ उघडत नाही. हात ऐकत नाही, दादा." मग लगेच, "पण तोडू नका. येईल तो."

तोडायला माझ्याकडे होतं काय? ती दोरी मीच निवडली होती, दातांनी तुटू नये अशी. रॉड पुढे खेचला गेला, त्याबरोबर त्यांचा हात आणि खांदा, आणि त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

रिळावर अंगठ्याखाली एक खटका असतो. तो दाबला की दोरीवरचा सगळा अटकाव जातो. मला हे चित्रासह पाठ होतं.

"नको," ते म्हणाले. माझ्या अंगठ्याकडे बघत होते. "पंडित, नको."

मी त्यांची परवानगी घेतली नाही. खटका दाबला.

रीळ किंचाळत फिरू लागलं. दोरी सरसरत पाण्यात जाऊ लागली. त्यांची मूठ आपोआप सुटली. मी त्यांना आडवं केलं, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि रुग्णवाहिकेसाठी ९९५ लावला. पलीकडची बाई पत्ता विचारत होती. कुठलं वळण, कुठला फलक, रुग्णाचा श्वास चालू आहे का. श्वास चालू होता. मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकदाच दिलं, न अडखळता.

शेजारी रीळ अजून फिरत होतं. सुबोधराव डोळे मिटून ते ऐकत होते.

"किती राहिली दोरी?" त्यांनी विचारलं.

"थोडीच," मी म्हणालो, आणि त्यांचा गार पडलेला डावा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.