उपवास माझा नव्हता

मी गप्पी मासोळी बोलते आहे. मला नाव दिलेले नाही, म्हणून मालकांचे सांगते : सूर्यभान गहिनीनाथ ढोकणे, वय वर्षे एकसष्ट, मुक्काम श्रीरामपूर. माझे वय सात महिने. मी माझी पिल्ले खाल्ली, हे खरे आहे. ते लपवण्यासाठी मी बोलत नाही.

माझा जन्म पुण्यातील एका दुकानाच्या हौदात झाला. १९७१ च्या हिवाळ्यात सूर्यभानरावांनी मला व एका नराला लोणच्याच्या बरणीतून आगगाडीने आणले. वाटेत बरणी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. लोखंडी चौकटीत काचा बसवून त्यांनी स्वतः पेटी तयार केली होती. शाळा चौथीपर्यंत, बाकी सारी विद्या पुस्तकांतून मिळवलेली.

त्या विद्येच्या बळावर त्यांनी गल्लीत जाहीर केले, "ही मासोळी अंडी घालत नाही. जिवंत पिल्लांना जन्म देते."

शेजारचे छगन शिंपी हसले. "आण्णा, मंग सुईन बोलवायची का? मासा कुठं बाळंत हुतो व्हय?"

"आठवड्यात दाखवतो."

"आन् न्हाई दाखवलं तर?"

"तर पुस्तके वाचणे सोडीन."

आठवडा संपता संपता एकादशी आली. सूर्यभानराव वाचनालयात गेले होते. त्यांच्या पत्नी राहीबाईंनी माझ्या खाण्याचा डबा फळीवर चढवला. "घरात समद्यांना उपास, तुलाबी घडू दे. पुण्य लागंल."

दुपारी मला अकरा पिल्ले झाली. मी उपाशी होते. ती माझ्या तोंडासमोर हलली. मी खाल्ली. शेवटच्याची शेपटी माझ्या तोंडाबाहेर असताना राहीबाईंनी पाहिली.

"अगं बया! पोटची पोरं गिळलीस?" सूर्यभानराव वाचनालयातून परतताच त्या म्हणाल्या, "अहो, टाका हिला हिरीत!"

गलका ऐकून आलेले छगन म्हणाले, "वहिनी घरच्या. त्यांची साक्ष चालायची न्हाई. काढा पुस्तकं बाहेर."

"एक महिना थांब," सूर्यभानराव म्हणाले. मग पत्नीकडे वळले. "उपवास तू धरलास. तिला विचारले होतेस?"

राहीबाईंनी मान खाली घालून डबा फळीवरून उतरवला. मी मात्र मान खाली घातली नाही. मला मान नाहीच. डिंकाचे लाडू मागणारी माझी जात नव्हे, पण न मागितलेल्या पुण्याचा दोष मी का घ्यावा?

चार आठवड्यांनी माझे पोट पुन्हा भरले आणि नेमकी एकादशीच उगवली. राहीबाई डाळ चाळायची चाळण घेऊन आल्या. ती दोरीने पाण्यात टांगून मला तीत सोडले आणि सकाळपासून चिमूट चिमूट पीठ घातले. स्वतः त्या नुसत्या पाण्यावर होत्या. पिल्ले जन्मली, तशी भोकांतून खाली सुटली.

"छगनभावजी, या! सुईन मीच हाय!"

छगन काचेला नाक लावून मोजू लागले. "चौदा... न्हाई, पंधरा. आयला, पळत्यात की!"

त्या वेळीही मी भोकाला तोंड लावून पाहिले होते, हेही सांगून टाकते. मी बदललेली नाही.

सूर्यभानरावांची पुस्तके जागेवर आहेत. राहीबाई अजूनही एकादशी धरतात. त्या दिवशी आम्हाला आधी वाढतात.