ताऱ्याची थरथर

अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या पठारावर, फ्रेंच-इटालियन संशोधन तळाजवळ मोठी दुर्बीण उभारायची की नाही, हे फ्रेंच संशोधक ओदीलच्या अहवालावर ठरणार होतं. हवा जितकी शांत, तितका तारा स्थिर. उन्हाळ्यात इथे सूर्य मावळत नाही, म्हणून ती भर उजेडातच छोट्या दुर्बिणीतून एक ठळक तारा न्याहाळायची. सगळं छान होतं, पण रोज अकरा ते साडेबारा तो तारा थरथरायचाच.

"जागा नापास करावी लागणार," जेवताना ती पडलेल्या चेहऱ्याने म्हणाली.

इटालियन आचारी फियोरेन्झोचा डाव हवेतच थांबला. "पोरी, अकरालाच मी पास्त्याचं आधण ठेवतो. धुराड्याची वाफ वाऱ्याने तुझ्याच दुर्बिणीकडे जाते."

"म्हणजे महिनाभर मी तुमच्या वाफेतून तारा बघतेय?"

"आता आठवडाभर गार जेवण."

"उणे तीसमध्ये? लोक तुम्हाला बर्फात पुरतील."

"तुम्हा फ्रेंचांना गार बटाटाही चालतो. आमच्या लोकांचं मी बघतो."

आठ दिवस फियोरेन्झोने चीज-पाव वाढला आणि शिव्या खाल्ल्या. तारा मात्र अकरालाही हलला नाही.

ओदीलने जागा उत्तम असल्याचं लिहिलं आणि खाली शिफारस जोडली: स्वयंपाकघर दुर्बिणीपासून लांब असावं, आचारी मात्र हाच असावा.