माशाची खालची बाजू

"खालची बाजू काय मांजराला ठेवायची?" युनहा पुटपुटली आणि माशाखाली जेवायच्या काड्या घातल्या. शहरातली नवी सून. सासूने, मल्ल्ये आजींनी, तिच्या मनगटावर फटकन चापट दिली.

"पालटू नकोस! मधला काटा काढ नि खालचं खा. बोटीवर आहेस."

"म्हणजे मासासुद्धा सोवळ्यात?"

मला हसू आलं. पण गाड्या-माणसं वाहणाऱ्या या बोटीवर जेवण वाढतच माझे केस पिकले. इथे मासा पालटायचा नाही, आणि बोटीचं तसं झालं तर त्याला जो शब्द आहे, तो तोंडातून काढायचा नाही, हे मीही पाळते.

छुसकचा सुगीचा सण, पितरांच्या पूजेसाठी सगळे बेटावर निघालेले. शेवटी खडीचा एक ट्रकही चढवला. आजींचा थोरला थेसोप, आमचा कप्तान, म्हणाला, "बेट समोर दिसतंय, ट्रक बांधायला साखळ्या कशाला?" साखळ्या पेटीतच राहिल्या.

भूशिर ओलांडलं आणि वारा बोटीच्या कुशीवर आदळला. खाली, गाड्यांच्या मजल्यावर, काहीतरी लांबवर खरवडत गेलं. माझ्या पातेल्यातला रस्सा डावीकडे कलला. तो परत येईल म्हणून मी बघत राहिले. आला नाही.

खलाशी कीसू वर आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. "मावशी, ट्रक जरा... कडेला टेकलाय," एवढंच बोलला. ओठ पांढरे पडले होते.

कर्ण्यातून थेसोपचा आवाज आला, "वारा थोडा जास्त आहे. पोचतोच आहोत."

"हो हो, पोचलोच," एका हाताने बाक धरून कुणीतरी म्हणालं. मग सगळे यंदाच्या नासपतींबद्दल बोलू लागले. मीसुद्धा विचारलं, "रस्सा वाढू आणखी?" कुणाला जाणार होता घशाखाली!

ताटली घसरली. युनहाने मासा तळहाताने दाबून धरला, पालटू नये म्हणून.

"आई, ही बोट..."

"गप्प!" आजी ओरडल्या. मग त्यांची नजर माझ्या पातेल्याकडे गेली. त्या उठल्या. मी त्यांना कमरेला धरून जिना चढवला; एक पाय पायरीवर, एक भिंतीवर.

वर थेसोप दोन्ही हातांनी सुकाणूचं चाक आवळून उभा होता. मागे न बघताच म्हणाला, "आई, खाली बस. जरा झुकलीय, इतकंच."

"थेसोप," आजी म्हणाल्या, "बोट उलटतेय. वेग कमी कर, तोंड वाऱ्याकडे घे, आणि सगळ्यांना जाकिटं घालायला सांग."