शेळीने काय खाऊ नये

शाळेच्या फाटकाच्या आत आई माझी आई नसे. तिथे ती 'बाई' आणि मी सतरा नंबर. लाड होतात असं कोणी म्हणू नये म्हणून हा नियम तिनेच केला होता. फाटकाबाहेर पाऊल पडलं, की ती माझं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घ्यायची आणि परत आई व्हायची.

त्या दिवशी मोठ्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. बाई तेच तेच पुन्हा शिकवतात, अशी काही पालकांनी तक्रार केली होती. 'मी स्वतः बघते, मग वर्ग कोणाकडे द्यायचा ते ठरवू,' असं मोठ्या बाई म्हणाल्याचं मी घरी ऐकलं होतं. बाबा म्हणत होते, थकवा आहे, दुसरं काही नाही. बाबांना काय, ते वर्गात नसतात.

गोष्ट होती खादाड शेळीची. ती पडदे खाते, चपला खाते, पाहुण्यांची टोपी खाते. आईची पद्धत अशी, की पुढच्या पानावरचं चित्र कागदाने झाकायचं आणि विचारायचं, "आता काय खाईल?" आम्ही चिठ्ठीवर लिहायचं, वाचून दाखवायचं, मग तिने कागद उचलायचा. पण हे पुस्तक आम्ही कालच संपवलं होतं. आज तिने ते पुन्हा पहिल्या पानापासून काढलं.

वर्गाला वाटलं, बाई गंमत करताहेत. शेवटच्या चित्राला सगळ्यांनी एकच लिहिलं, 'आजोबांची कवळी'. आईने कागद उचलला आणि ती थक्क झाली.

"अगंबाई! तुम्हाला कसं कळलं?"

डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. मुलं लोळायची बाकी राहिली. मोठ्या बाईसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. मी एकटीच घाबरले होते. आईला खोटं हसता येत नाही. बाबांच्या विनोदांवर ती कधी हसली असेल तर शपथ.

"आता लिहा, शेळीने काय अजिबात खाऊ नये," ती म्हणाली आणि थोड्या वेळाने तिने माझ्याकडे बोट केलं. "हं, ती दोन वेण्यांची मुलगी. वाच बाळ."

'सतरा नंबर' असं ती म्हणाली नाही. वेण्या सकाळी तिनेच घातल्या होत्या.

मी लिहिलं होतं, 'बाईंची खुर्ची'. मी वाचून दाखवलं, तसे सगळे हसले.

"तुम्ही तर वेड पांघरून पेडगावला जाता हो!" मोठ्या बाई उठता उठता म्हणाल्या. "तक्रार करणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं. वर्ग तुमचाच."

मला आनंद व्हायला हवा होता.

शाळा सुटल्यावर मी धावतच फाटकाबाहेर गेले. तिथे नियम संपत होता. आई आली, माझ्याजवळ थांबली. मी दप्तर पुढे केलं. तिने ते घेतलं नाही.

"तुला न्यायला कोणी येणार आहे ना, बाळ?"

ती आता हसेल, आता हसेल, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती हसली नाही.

"आई येणार आहे," मी म्हटलं.

"मग ती येईपर्यंत मी थांबते हं," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी उभी राहून रस्त्याकडे बघू लागली.